शाळेच्या भिंतीवरची गोजराकाकी

मानोऱ्याकडच्या आमच्या गावात भिंत पोतारावी ती गोजराकाकीनंच. पांढऱ्या मातीत फडकं बुडवून ती असा हात फिरवायची की जुना डाग औषधालाही उरत नसे. नवरा लवकर गेला. एकुलत्या जगदेवला तिनं लोकांची शेतं निंदून वाढवलं. जिभेनं मात्र फटकळ. आम्ही पोरं तिला टरकून असायचो.

मानमोडी तापाची साथ आली त्या वर्षी, श्रावणात, मास्तरांनी शाळेच्या पडवीची भिंत आम्हा मोठ्या पोरांना दिली. म्हणाले, यावर सगळं गाव काढा. जगदेव आमचा म्होरक्या, तांड्यावरचा भाऊसिंग त्याचा जोडीदार, बाकी माझ्यासारखे टारगट. घरोघरून गेरू, हळद, काजळी मागून आणली. ज्या घरचा रंग, त्या घरचं माणूस भिंतीवर, असा नियम. भांडणंही भरपूर झाली. पाटलाच्या मिशा कुणालाच जमेनात.

जगदेवनं आईला मधोमध काढलं आणि वर गोणपाट टांगलं. आम्हालाही बघू देईना.

"पयले मायले पाहू द्या, मंग तुमी."

घरी तो रोज तिच्या मागे लागे, "माय, चाल ना पाह्याले."

"निंदन आटपू दे रे. भिंत कोठी पयून चालली?"

निंदण आटपायच्या आत मानमोडी गावात शिरली आणि बघता बघता जगदेव गेला.

सुतक फिटायच्या दिवशी घर पोतारायची आमच्याकडे रीत. काकी अंथरुणातून उठेना, म्हणून शेजारच्या मनकर्णाबाईनं चार बायका घेऊन तिचं घर पोतारलं. माती उरली. पोराचा हात लागलेली शाळेची भिंतही सुतकातच की, असं मनकर्णाबाईच्या मनात आलं. शिवाय त्याच्या हातचं पाहून माय झुरून मरेल. साथीमुळे शाळा बंद, अडवायला कुणी नव्हतं. बायकांनी सगळी भिंत पांढरीशुभ्र केली. हे कुणी वैरानं केलं असतं, तर मला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी काकी उठली ती भाऊसिंगला आणि मला घेऊन थेट शाळेत. भिंत पांढरी झाल्याचं आम्हालाही तेव्हाच कळलं. मी कुठं होते, तिनं विचारलं. भाऊसिंगनं अंदाजानं हात ठेवला. तिनं पदराचं टोक ओलं करून तिथं घासलं. वरची माती निघाली आणि तिच्यासोबत खालचा गेरूही पदराला लागला. ती थांबली. ती माती तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होती.

"कशी काढली होती रे मले?"

भाऊसिंग रडायलाच लागला. "काकी, आमी पाह्यलंच नाही."

मनकर्णाबाई मागून धावत आली होती. काकीनं तिचे खांदे धरले. "गोनपाट तर तूच काढलं असशीन. सांग ना बाई, कशी होती मी?"

"म्या डोये मिटून हात फिरवला, गोजरे. पोराच्या हातचं पाहवलं नाही मले."

काकी त्यानंतर बरीच वर्षं जगली. वाटेत भेटली की विचारायची, आठवते का काई? एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, गोणपाट वाऱ्यानं उडालं तेव्हा मी पाहिलं होतं, तू हसत होतीस.

"खोटं नको बोलू, बाबू," ती म्हणाली. "त्याच्यासमोर हासायले मले फुरसत कोठी होती?"