दुपारी ओढलेल्या रेघा

हे मी कुणापुढे बोललेले नाही. मुलापुढे नाही, बहिणीपुढे नाही. देवळात उभी राहिले की गुडघे, पाऊस, मुलाची नोकरी, सगळं आठवायचं — हे तेवढं आठवायचं नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून सोपं जात असेल. मराठीत लिहितेय त्याचंही कारण तेच असावं. तंजावरात आमच्या घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं माझ्यानंतर कुणी उरलेलं नाही.

माझ्या नवऱ्याला सगळे राव म्हणत. मीही इथे तेच म्हणते, नाव अजून तोंडातून येत नाही. राव कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढायचे. कावेरीचं पाणी कुठल्या शेताला कुठून जातं, ते त्यांच्या पेनातून जायचं. आणि घरी — घरी ते मोटारी करायचे.

हसू नका. खेळणी नव्हेत ती. खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, तळहातावर मावतील अशा. पहिला संच त्यांच्या चुलतभावानं सिंगापूरहून आणला होता. मग ते दिवस आले जेव्हा परदेशी वस्तू आपल्याकडच्या दुकानांत दिसायला लागल्या, रस्त्यावर रोज एखादी नवीच मोटार दिसायची, आणि त्रिचीतल्या एका दुकानात हे संचही मिळू लागले. प्लॅस्टिकच्या चौकटीला कळ्यांसारखे लटकलेले सुटे भाग. राव ते एकेक कापायचे, बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचे, पातळ रंगाचा हात द्यायचे, वाळू द्यायचे, पुन्हा घासायचे. मागच्या पडवीत त्यांचं टेबल होतं. रंगावर धूळ बसू नये म्हणून वर जुनी मच्छरदाणी बांधलेली. बाहेरून बघितलं तर वाटायचं, आत कुणीतरी तान्हं निजलंय.

एकदा सकाळी ते एका काळपट लाल मोटारीच्या खिडकीला चंदेरी कड काढत होते. ते सगळ्यात अवघड काम — केसाएवढी रेघ, एका दमात. जमली नाही. ब्रशचे केस फुटलेत म्हणाले आणि मोपेडवरून कचेरीला गेले.

दुपारी मी पडवी झाडायला गेले. आमच्याकडची दुपार तुम्हाला ठाऊक नसेल — गल्ली निजते, कावळेही बोलत नाहीत, नारळाच्या झावळ्यांतून उजेड येतो तो हिरवा होऊन येतो. मच्छरदाणीतून मी ती रेघ बघितली. थरथरत गेलेली. त्यांना वाईट वाटेल, असं मला वाटलं. मी ब्लाउज शिवायची, सुईच्या टोकाची मला सवय होती. मी आत शिरले, काडीला कापूस लावून थिनरनं रेघ पुसली आणि नवी ओढली.

संध्याकाळी राव भिंग घेऊन बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "वाळल्यावर बसली बघ. उगीच घाबरलो होतो."

तेव्हा सांगता आलं असतं. हसण्यावारी गेलं असतं ना? मी कॉफी गाळत होते. गाळत राहिले.

मग ते होतच गेलं. सकाळी ते अर्धवट, वाकडं ठेवून जायचे, संध्याकाळी ते सरळ असायचं. दारांच्या कडा, मण्याएवढे दिवे, चाकांच्या काड्या. रंग वाळताना आपसूक सावरतो, अशी त्यांची समजूतच झाली. या नव्या परदेशी रंगांची ती कमाल आहे, असं ते म्हणायचे. मधूनच त्यांचा उजवा अंगठा मांडीवर पडल्यापडल्या हलायचा — जसं कुणी नोटा मोजतंय. मी बघायची. आणि दुसरीकडे बघायची.

कचेरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर स्वामिनाथन बसायचे. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलेले. दर रविवारी आमच्या ओट्यावर त्यांची कॉफी ठरलेली. एकदा त्यांनी रावांना बाजूला नेऊन तमिळमध्ये हळूच सांगितलं, राव, तुमची रेघ हलते, डॉक्टरला हात दाखवा. त्याच सुमाराला साहेबांनी रावांचा एक नकाशा दुसऱ्याकडून पुन्हा काढून घेतला होता. रावांनी दोन्हींची गाठ मारली. आपली बढतीची जागा स्वामिनाथनना हवी आहे, त्यांनीच साहेबांचे कान भरले, असं त्यांच्या डोक्यात बसलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी स्वामिनाथनना ओट्यावर नव्हे, पडवीत बसवलं. मच्छरदाणी बाजूला केली आणि ती काळपट लाल मोटार त्यांच्यापुढे ठेवली. मी कॉफी घेऊन दारात होते.

"हात हलतो म्हणता मज," राव म्हणाले. रागावले की तमिळ माणसाशीही ते मराठी बोलायचे, आणि स्वामिनाथनना इतक्या वर्षांत ती कळायची. "ही रेघ बघा. ही हलत्या हाताची रेघ आहे?"

स्वामिनाथननी मोटार हातात घेतली नाही. वाकून बघितली. तो नकाशे काढणारा माणूस, त्याला हात ओळखू येत होता. मग त्यांनी मान वर केली — आणि रावांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांकडे. नखाच्या कडेला चंदेरी रंग राहिला होता का? मला अजून माहीत नाही. ते थांबले. मला जागा करून दिल्यासारखे थांबले. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी तो झेलला असता.

मी पेले टेबलावर ठेवून आत गेले.

आतून ऐकलं. "माझं चुकलं, राव," एवढंच ते म्हणाले. कॉफी तशीच राहिली. पुढच्या रविवारी आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत. निवृत्त होऊन मदुरैला मुलीकडे गेले तेव्हाही आमच्या दारावरून न थांबता गेले. रावांनी शेवटपर्यंत त्यांना मत्सरी मानलं. कुणी त्यांचं नाव काढलं तर म्हणायचे, माणूस चांगला होता, पण माझा हात त्याला बघवला नाही.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याचं मन राखलं. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण इथवर आले आहे तर पुढचंही लिहिते. मन राखणं फक्त पहिल्या दिवशी होतं — कदाचित तेव्हाही नव्हतं. मला ती दुपार हवी होती. मच्छरदाणीत शिरलं की घर लांब जायचं. रंगाच्या वासानं डोकं हलकं व्हायचं, ब्रशचं टोक कडेला टेकलं की श्वास आपोआप थांबायचा, आणि रेघ निघून गेली की मी त्या मोटारीत बसलेली असायची. काचा खाली. मी स्वतः चालवतेय, पापनाशमच्या बाजूला, कालव्याकाठानं, दोन्हीकडे भात, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. आयुष्यात माझं म्हणून मी काही इतकं नीट केलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर राव डॉक्टरकडे गेले असते, मोटारी थांबल्या असत्या. माझी दुपार गेली असती. म्हणून नाही सांगितलं. अंगठा हलताना दिसत होता आणि मी नाही सांगितलं.

पुढच्या वर्षी कालव्याच्या पुलावर रावांना मोपेडचा ब्रेक वेळेत दाबता आला नाही. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं हाडाआधी हाताकडेच बघितलं. हात असा हलत राहतो त्या आजाराचं नाव सांगितलं. औषध लवकर सुरू झालं असतं तर हात बराच काळ चालला असता म्हणाला, आणि मला विचारलं, हे किती दिवसांपासून आहे?

"दोन-तीन महिने असतील," मी म्हणाले.

राव पलंगावरून मान डोलावत होते. त्यांनाही तसंच वाटत होतं. का वाटू नये? सरळ रेघांच्या मोटारींचा पुरावा घरात कपाटात मांडलेला होता.

ते कुबडी घेऊन घरी आले तेव्हा टेबलावर एक मोटार अर्धी होती, फिक्या निळ्या रंगाची. त्यांनी ती पुष्कळ दिवस नुसती बघितली. मग एका सकाळी मला हाक मारली.

"अगे, ये इथं. मी सांगतो, तू कर."

मी त्यांच्या खुर्चीत बसले, ते शेजारी स्टुलावर. ब्रश कसा धरायचा, मनगट कुठे टेकायचं, रंग किती घ्यायचा — सगळं त्यांनी पहिल्यापासून शिकवलं. त्यांचा हात माझ्या हातावर होता आणि तो हलत होता. कधी नव्हे इतक्या मायेनं बोलत होते. घाई नको म्हणाले. श्वास सोडून मग ओढ म्हणाले.

मी श्वास सोडला. आणि रेघ मुद्दाम वाकडी काढली.

"येईल, येईल," राव म्हणाले. किती खूश झाले होते. "मजही वेळ लागला होता."

मी पुसून पुन्हा वाकडी काढली.