नव्या काचेवरची फुली

आमच्या गल्लीत काचा बसवणारा एक कारागीर आहे. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव असणारच, पण ते आठवायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागतं. सगळे त्याला टिचकी म्हणतात. नवी काच आली की तो आधी तिला नखाने टिचकी मारतो, मान तिरकी करून ऐकतो आणि निकाल देतो, "ही निरोगी आहे," किंवा "हिच्या पोटात दुखतंय, परत न्या." एकदा तर स्वतःच्या मुलीला मागणी घालायला आलेल्या मुलाच्या चष्म्यालाच त्याने टिचकी मारली होती, चहाचा कप हातात असताना. लग्न झालं, नशीब म्हणायचं.

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला काचा उभ्या टेकवलेल्या, मधे मोठं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, आणि रॉकेलच्या डबीत बुडवून ठेवलेलं काच कापायचं हत्यार. मी रोज सकाळी तिथे एका खोक्यावर जाऊन बसतो. काच कापताना ती आधी कुरकुरते आणि मग एकदम मुकाट्याने दोन होते. ते बघण्यात माझा वेळ छान जातो.

तर सांगायचं ते त्याच्या फुलीबद्दल. काच चौकटीत बसली, कडेची पुट्टी बोटाने दाबून झाली, फडक्याने पुसून लख्ख झाली, की हा चुन्याच्या डब्यात ब्रश बुडवणार आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भली थोरली पांढरी फुली मारणार. गिऱ्हाईक कपाळाला हात लावतं. "अहो, आत्ता तर पुसलीत!" टिचकी शांतपणे म्हणतो, "घरातल्या माणसांना सवय होईपर्यंत राहू द्या. नवी काच डोळ्याला दिसत नाही, नाकाला दिसते." आणि स्वतःच्या वाकड्या नाकावरून बोट फिरवतो. काम शिकत असताना तो उस्तादाने नुकत्याच बसवलेल्या काचेतून पलीकडे जायला निघाला होता. नाक अलीकडेच राहिलं.

आता त्या वर्षीचं ऐका. आमची गल्ली मोठ्या चौकाच्या मागे आहे आणि चौकाच्या समोर सरकारची मोठी इमारत. सरकारने एक नवा कायदा आणला आणि तो नको म्हणून माणसं चौकात येऊन बसली. पहिल्या दिवसांत आमच्या गल्लीला कोण आनंद झाला होता म्हणता! बायका पाण्याच्या बाटल्या भरून नेत. औषधवाल्याने पट्ट्या आणि मलम फुकट वाटलं आणि ते वाटल्याचं सगळ्यांना सांगितलं. निवृत्त हेडक्लार्क खिडकीतून हात हलवून पोरांना म्हणायचे, "शाब्बास, आमच्या वेळी आम्हीही असंच केलं असतं!"

मग बस बंद झाल्या. माझ्या सुनेला कामावर पायी जावं लागलं, तिच्या टाचांना फोड आले. भाजीची गाडी गल्लीत शिरेना. अश्रुधुराचा वास पडद्यांत बसला तो जाईना. पाण्याच्या बाटल्या भरणं थांबलं. हेडक्लार्कांचा हात आता खिडकीबाहेर येई तो खिडकी ओढून लावून घेण्यासाठी. "मुद्दा बरोबर आहे हो," ते म्हणत, "पण मुद्दा मांडायला दुसरं गाव नव्हतं का?" सून घरात म्हणायची, "बाबा, मला ते लोक पटतात. फक्त माझ्या रस्त्यावर नकोत." मला हसूही येई आणि बरंही वाटत नसे, कारण भाजी घेताना एकमेकांची खुशाली विचारणारी माणसं आता आधी विचारत, तुम्ही कुणाच्या बाजूचे?

एका दुपारी चौकातून पळापळ सुटली, दगड उडाले आणि चौकाकडे तोंड असलेल्या खिडक्या फुटल्या. टिचकीला उसंत मिळेना. "तुझी तर चांदी आहे बाबा," जो तो म्हणे. "दगडवाल्यांना चहा पाजतोस की काय?" तो हसून सोडून द्यायचा, पण त्याची बायको मला म्हणाली, "काका, थट्टा दहा जणांनी केली की ती थट्टा राहत नाही हो." बाईचं बरोबर होतं. तोवर गल्लीची चौकाकडची बाजू पांढऱ्या फुल्यांनी भरून गेली होती.

पुढच्या धुमश्चक्रीत पोलीस लोकांना उलट्या बाजूने ढकलत आले, म्हणून दगड उलट्या बाजूच्या खिडक्यांवर पडले. साधी गोष्ट. पण गल्लीने पाहिलं ते एवढंच की फुलीच्या काचा शाबूत आणि बिनफुलीच्या फुटल्या. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला आतली बातमी कळली होती. फुली म्हणजे खूण आहे, फुली असली की आंदोलनवाले ते घर सोडतात.

हेडक्लार्क दुसऱ्या दिवशी दुकानात आले. मी खोक्यावरच होतो, पण त्यांनी मला खोक्यातच जमा धरलं.

"टिचकी, जरा येऊन माझ्याही खिडकीला एक मारून जा."

"साहेब, तुमची काच तीस वर्षांची जुनी. तिला कोण धडकणार?"

"धडकायचा प्रश्न नाही रे. तू मार."

"नव्या काचेलाच मारतो मी. जुनीलाही मारली तर नवीवरच्या फुलीचा काय उपयोग?"

ते घुश्श्यात गेले आणि घरी जाऊन अंघोळीच्या साबणाने स्वतःच फुली काढली, तीही वाकडी. मग काय, सगळ्यांनाच सुचलं. कुणी खडूने, कुणी टूथपेस्टने. बघता बघता सगळी गल्ली चुकलेल्या गणितांच्या पाटीसारखी दिसू लागली. टिचकी त्यातून चालताना खाली बघायचा. "काका," तो मला म्हणाला, "आता खरी नवी काच कुठली ते मलाच कळेना झालंय."

अफवा आपल्याच गल्लीत राहील असं लोकांना का वाटतं कोण जाणे. सरकारच्या बाजूच्या लोकांनीही मोर्चा काढला. ते येताना काठ्या घेऊन आले आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की फुलीची घरं आंदोलनवाल्यांची. त्यांनी वेचून वेचून फुल्या फोडल्या. आमच्या घरी सुनेने कपाटामागे बसून कानांवर हात ठेवले होते. औषधवाल्याच्या दुकानाचं दर्शनी दार फुटलं, हेडक्लार्कांची तीस वर्षांची काचही गेली.

मोर्चा निघून गेल्यावर सगळे औषधवाल्याच्या दुकानात जमले. पायाखाली काचा करकरत होत्या. टिचकीला बोलावणं गेलं.

"खुणा कुणी सुरू केल्या?" औषधवाल्याने विचारलं.

"खुणा नाहीत त्या," टिचकी म्हणाला. "माझं काम आहे ते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मी आधीपासून म्हणत होतो," हेडक्लार्क म्हणाले, "की ह्या फुल्यांमागे काहीतरी आहे."

मला राहवेना. "साहेब, तुमच्या खिडकीवर साबण कुणी लावला होता?"

"आजोबा, तुमच्या वयाचा मान राखतो मी," ते म्हणाले. "तुम्ही बसा."

बसायला जागा नव्हती, मी उभाच राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, काचा फुटल्यावर फायदा कुणाचा होतो ते बघा की. टिचकीने वळून पाहिलं. ज्याने म्हटलं त्याच्या मुलीच्या खोलीची खिडकी टिचकीने पाऊस येईल म्हणून रविवारी येऊन बसवून दिली होती. टिचकीचा चेहरा असा झाला की त्याच्या बायकोने पुढे होऊन त्याचा दंड धरला.

ठरलं असं की सगळ्या फुल्या पुसायच्या आणि यापुढे एकही मारायची नाही. मारली तर गल्लीत काम नाही. आणि पुसायच्या कुणी? ज्याने सुरू केल्या त्याने. टिचकी ओलं फडकं आणि बादली घेऊन दारोदार फिरला. दुसऱ्यांची टूथपेस्टसुद्धा त्यानेच खरवडली. मी बादली धरायला गेलो, तर म्हणाला, "काका, नका. तुम्हालाही माझ्या बाजूचं म्हणतील."

मग त्याने औषधवाल्याचं दार केलं. वरपासून खालपर्यंत एकच अखंड काच. इतकं सुंदर काम झालं होतं की दुकानाला दारच नाही असं वाटे. टिचकी तिथेच घुटमळत राहिला.

"शेठ, खिडक्यांचं सोडा. पण ह्या दारावर तरी राहू द्या. दोन रेघा."

"परत तेच?"

"मग कागद चिकटवा. दोरी बांधा. काहीतरी."

"तुला पैसे मिळाले ना? जा आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात पुन्हा धूर झाला. आम्ही दारं लावून घेतली. आमची खिडकी दुकानाच्या बरोबर समोर, म्हणून मी पाहिलं. एक मुलगी गल्लीत पळत आली, एका हाताने डोळे चोळत, ओढणी तोंडाला बांधलेली. तिला औषधांची पाटी दिसली असावी. वेग कमी न करता ती सरळ दुकानात शिरली, म्हणजे तिला वाटलं की शिरली. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

आधी पोचला तो टिचकी. औषधवाला आतून धावत येऊन तिच्या दंडात रुतलेला तुकडा ओढायला गेला, तर हा ओरडला, "हात लावू नका! काढलात तर रक्त थांबणार नाही!" त्याचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. औषधवाल्याने पट्ट्यांचा गठ्ठा आणला. दोघांनी तुकड्याच्या भोवतीने दंड बांधला. तिच्या गालावर लांब चीर गेली होती, पापणीपर्यंत.

रुग्णवाहिकेला फोन केला. रस्ते बंद आहेत, म्हणाले, चौकातून गाडी निघणार नाही. वरच्या एका खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "यांनीच अडवले ना रस्ते? आता भोगा." आणि खिडकी लागली. दुसऱ्या खिडकीतून मात्र एक उशी खाली आली, कुणाची ते मला आजतागायत कळलेलं नाही.

टिचकीने काचा वाहायची हातगाडी काढली, टेबलावरचं ब्लँकेट गाडीवर अंथरलं, मुलीला निजवलं आणि गाडी ढकलत थेट चौकात शिरला. मी आपला मागून चालत होतो, दम लागेपर्यंत. काचेची गाडी बघून आंदोलनातली माणसं बाजूला झाली. पोलिसांनीही अडथळे सरकवले. तोपर्यंत कुणालाही न मिळालेली वाट त्या गाडीला मिळाली, आणि ती दिसेनाशी होताच पुन्हा मिटली.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा गल्ली दुकानासमोर उभीच होती. मला वाटलं, कुणीतरी पाणी देईल. हेडक्लार्क म्हणाले, "काय रे, एवढं मोठं दार आणि त्यावर काही खूण नको का करायला? तुझं कामच आहे ना ते?"

टिचकीने हातगाडी भिंतीला लावली. मग घरात गेला.

पुढे तो रोज इस्पितळात जाऊ लागला. डोळा वाचला होता, गालाला टाके पडले होते. एकदा दुकानात मी विचारलं, "काही बोलली का पोरगी?"

"माझ्यावर राग नाही तिचा," तो म्हणाला. "दार कुणी बसवलं, मी कोण, तिला काही ठाऊकच नाही. एवढंच म्हणाली, काका, दार उघडं आहे असं वाटलं मला."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात औषधवाला आला. त्या दिवसापासून त्याने दाराच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या, आत दिवसाही दिवा लावावा लागे. त्याने भिंतीला टेकवलेल्या काचांवरून नजर फिरवली.

"दार करून दे," तो म्हणाला. "आणि... ती फुली मार. माझी हरकत नाही."

टिचकीने मान डोलावली.

"फक्त लहान मार. खाली, कोपऱ्यात. रस्त्यावरून दिसणार नाही अशी."

टिचकीने हातातलं हत्यार डबीत ठेवलं. "शेठ, पळत येणाऱ्याला दिसायला हवी ती. मी मारीन तर या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"अरे, पण लोक काय समजतील?"

"ते मला आता विचारू नका."

औषधवाला निघून गेला. त्याने नदीपलीकडचा कारागीर आणून दार बसवून घेतलं. काच स्वच्छ, वर काही नाही. बाकीच्यांनीही त्यालाच बोलावलं. टिचकीला गल्लीत आता काम नाही. सकाळी तो हातगाडीवर काचा बांधतो आणि लांबच्या वस्त्यांकडे निघतो. तिथे त्याला कुणी ओळखत नाही, त्याच्या फुलीचा अर्थ कुणी विचारत नाही. जाताना त्याला औषधवाल्याच्या दुकानावरून जावं लागतं. तिथे तो गाडी थांबवतो, नव्या दारासमोर उभा राहतो आणि आत कुणी शिरताना दिसलं की म्हणतो, "सांभाळून, काच आहे."