डब्यातला राजधानीचा प्रश्न

"नागपूर," लालसू म्हणाला.

स्पर्धेच्या शेवटच्या फेरीतला प्रश्न होता, आपल्या राज्याची राजधानी कोणती. माझ्या हातातल्या चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहिलं होतं, तेही नागपूरच. मी गुण देणार एवढ्यात खुर्चीवरून साहेब म्हणाले, "राँग. नेक्स्ट."

समोरच्या चंपतने मान खाली घालूनच सांगितलं, "मुंबई."

"करेक्ट."

व्हरांड्यात बसलेल्या गार्डांपैकी कोणीच टाळी वाजवली नाही.

छप्पन्न साल सरत आलं होतं. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फॉरेस्ट गार्डांचा उजळणी वर्ग भरायचा. मी तिथे रिपोर्ट लिहिणं आणि सामान्य ज्ञान शिकवत असे. सावली गावच्या शाळेतून नागपूरला जाऊन बी.ए. झालेला मी आमच्या घरातला पहिलाच. ही नोकरी साहेबांनी, म्हणजे आमच्या फॉरेस्ट ऑफिसरांनी, मला 'कोणाचा माणूस' हे न विचारता दिली होती. ते उपकार मी विसरलेलो नाही.

वर्गाच्या शेवटी सामान्य ज्ञानाची स्पर्धा होई. डब्यातून चिठ्ठी काढायची, प्रश्न वाचायचा. जगातली सर्वांत लांब नदी कोणती, सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह कोणता, अशा थाटाचे प्रश्न. पण बक्षीस मोठं होतं. एका गार्डाच्या राखणीत जो जंगलाचा तुकडा असतो त्याला बीट म्हणतात. जो जिंकेल त्याने रिकाम्या बिटांतून आधी निवडायचं. पूर्वी बदल्या वशिल्याने होत. साहेबांनी ते मोडून काढलं आणि ही पद्धत आणली. त्यामुळे गार्ड लोक भात शिजवतानाही एकमेकांना नाईल आणि बुध विचारत बसायचे.

त्या वर्षी चांद्यालगतचं एकच बीट रिकामं होतं. ते लालसूला हवं होतं. तो दूरच्या भामरागडकडचा माडिया आदिवासी. त्याची बायको जैनी हिला क्षय झाला होता. एक दिवसाआड सुई, तीही कित्येक महिने, असं डॉक्टरने सांगितलं होतं. लालसूच्या बिटापासून दवाखाना काही दिवसांच्या पायवाटेवर. आल्या आल्याच तो मला म्हणाला होता, "चांद्यात रायलो तं सुई होते, मास्तर. नाई तं नाई होत."

आता ते नागपूर-मुंबईचं. नोव्हेंबर लागेपर्यंत आमचा जिल्हा तेव्हाच्या मध्यप्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर. एक नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात गेलो. चांद्यात चहाच्या टपरीवरही तोच विषय. लालसूच्या जंगलात मात्र पेपर नाही, रेडिओ नाही. बदली गार्ड उशिरा पोचला म्हणून लालसू वर्गालाही शेवटीशेवटी आला. ऑफिसचे कागद अजून जुन्याच छापाचे होते. डब्यातल्या चिठ्ठ्याही गेल्या वर्षीच्या. चंपत चांद्याच्या लाकूड डेपोत होता, त्याला माहीत असणारच.

मी उठून साहेबांना चिठ्ठी दाखवली. "सर, यावर नागपूर आहे. दुसरा प्रश्न घेऊ या."

"चिठ्ठी जुनी आहे. उत्तर आजचं पाहिजे."

"त्याला कळायला मार्गच नव्हता, सर. आणि त्याची बायको..."

"प्रत्येकाला बायको आहे," साहेब म्हणाले. "एकदा दया दाखवली की दुसऱ्या दिवशी वशिला सुरू होतो. बसा."

सगळे उठल्यावर लालसूने मला विचारलं, "राजधानी कवा गेली, मास्तर?"

"महिना झाला."

"मले कोनी सांगतलंच नाई."

संध्याकाळी चंपत साहेबांच्या बंगल्यावर आला. मीही तिथेच होतो. तो दारातूनच म्हणाला, "साहेब, मले चांदा पायजे होता, खोटं नाई बोलत. पन त्याची बाई मरून राह्यली. ते बीट लालसूले द्या. मी जातो तिकडे."

"नाव लागलं आहे. आज अदलाबदल केली की उद्या इथे रांग लागेल."

"कोनाची रांग, साहेब? आमी दोघंच तं आहो."

साहेबांनी हातानेच जायची खूण केली. ते पैसे खाणारे नव्हते, कोणाचं ऐकणारेही नव्हते. वशिला असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

लालसू परत गेला. डॉक्टरने बरोबर दिलेल्या गोळ्या काही दिवस पुरल्या. पावसाळ्यात वाटा बंद झाल्या आणि त्यातच जैनी गेली. आम्हाला ते पोळ्यानंतर कळलं.

पुढच्या हिवाळ्यात लालसू पुन्हा वर्गाला आला. त्याला सगळं पाठ होतं. नद्या, ग्रह, राज्यं, राजधान्या. चंपत आपण होऊन पहिल्याच फेरीत गप्प राहिला. लालसू जिंकला. भद्रावतीजवळचं एक चांगलं बीट रिकामं होतं, शाळा आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर.

"बोल, कुठलं बीट?" साहेबांनी विचारलं.

"कोनतंही द्या, साहेब," लालसू म्हणाला. "आता कुठीबी चालते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवशी त्यांनी पुढची नावं वाचली नाहीत.

पुढे मी बरीच वर्षं परीक्षा घेतल्या. प्रश्न काढण्याआधी, त्याचं उत्तर समोरच्या माणसाच्या गावापर्यंत पोचलं आहे का, हे बघून घेत असे. आणि माणसांच्या बदल्या माझ्या हाती आल्या तेव्हा त्या डब्यातून काढल्या नाहीत.