दाजीसाहेबांची पगडी आणि माझं मौन

स्वस्थ बसणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही, आणि त्यातल्या त्यात मला तर मुळीच नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात मी बसलो की पाय हलायचा, पाय धरला की हात हलायचा, आणि दोन्ही आवरले की तोंड सुटायचं! मी शाळामास्तर असल्यामुळे बाहेर हे खपून जाई. पण धाकट्या बहिणीची, सुशीची, आलेली स्थळं माझ्यापायी परत गेली होती. एका बैठकीत माझ्या हलत्या गुडघ्यानं पोह्यांची बशी मुलाच्या मामांच्या मांडीवर पाठवली. दुसऱ्या बैठकीत मी मुलाच्या बापाला त्याच्याच गावचा इतिहास शिकवायला गेलो.

मग कोकणातलं स्थळ आलं. मुलगा वर्षभर आमच्याच शाळेत मास्तर होता. सुशीला तो मनापासून आवडला होता. (तसं ती बोलली नाही, पण त्याचं नाव निघालं की तव्यावरची भाकरी करपायची.) त्याच्या वडिलांनी, दाजीसाहेबांनी, निरोप धाडला, "पत्रिका राहू द्या. मुलीला घेऊन इकडे या. सोयरिकीआधी पाहुण्यांना सकाळी समुद्रावर पक्षी बघायला न्यायची आमच्याकडे रीत आहे. जो घटकाभर मुकाट बसतो, त्याच्याशी आमचं जमतं."

आईनं कपाळावर हात मारला. "संपलं! त्यापरीस हुंडा मागितला असता तर बरं झालं असतं की!"

आगगाडी, मोटार, बैलगाडी असे हाडं खिळखिळी करत आम्ही कोकणात पोचलो. आईचं माहेर सांगोल्याचं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि तिचा जीवच कळवळला. "अगं बाई! एवढं पाणी, आन् राखायला कुणी न्हाय? आमच्याकडं असतं तर पहारा बसवला असता!" मग तिनं ओंजळभर तोंडात घेतलं, थुंकून टाकलं आणि ती म्हणाली, "म्हणून राखत न्हाईत व्हय!"

दुसऱ्या दिवशी आई बायकांत रमली आणि आम्ही तिघं किनाऱ्यावर निघालो. पुढं दाजीसाहेब, मागं मी, आणि माझ्या मागं शेंगापोळ्यांचा डबा घेऊन सुशी. वाटेत ती कानाशी येऊन म्हणाली, "दादा, मला ह्याच घरात यायचंय. तू फक्त घटकाभर गप बस. जन्मात दुसरं काही मागणार नाही."

पोरीचे डोळे भरले होते. "बसतो की! दगडासारखा बसतो!" मी इतक्या जोरात म्हणालो की वाळूवरचा बगळ्यांचा सगळा थवा उठून पलीकडच्या गावाला गेला.

दाजीसाहेबांनी वळून ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट एका झाडाच्या शेंड्याकडे करून पुटपुटले, "वर समुद्रगरुडाचं घरटं आहे, आत पिल्लू आहे. नर भक्ष्य घेऊन येईल. कोट उतरवा, बटणं चमकतात. फेटाही नको. आणि हे आमचंही कुठं नीट ठेवा." त्यांनी आपली पगडी, कोट आणि वहाणा माझ्या हातात दिल्या आणि स्वतः खडकाआड जाऊन घरट्याकडे डोळे लावून बसले.

आता नीट ठेवणं म्हणजे काय, हे भीमेकाठच्या माणसाला कुणी शिकवायला नको! आम्ही नदीवर जातो तेव्हा कपडे थेट पाण्याच्या कडेला ठेवतो. ओल्या वाळूत मुंग्या नसतात, आणि सामान नजरेसमोर राहतं. नदी काही उठून कपड्यांपाशी येत नाही! मी व्याह्यांसाठी आणलेली, बसायला म्हणून खांद्यावर घेतलेली सोलापुरी चादर अंथरली, तिच्यात दोघांचे कोट, वहाणा आणि माझा फेटा बांधला, वर मानानं पगडी ठेवली, कडेनं दगड लावले, आणि स्वतःवर खूश होऊन खडकाआड येऊन बसलो.

बसलो खरा, पण बसवेना. पायाला मुंग्या आल्या. नाकाला खाज सुटली. एक खेकडा माझ्या अंगठ्याची मोजमापं घेऊन गेला. मी हललो की दाजीसाहेबांची भुवई वर जाई आणि सुशीचा चेहरा खाली पडे. शेवटी सुशीनं एक शहाणपणा केला. ती माझ्या धोतराच्या सोग्यावर ठाण मांडून बसली.

एवढ्यात मी पाण्याकडे पाहिलं. समुद्र उठून कपड्यांपाशी आला होता!

एक लाट आली, दगड लवंडले. दुसरी आली, चादरीची गाठ सुटली. "अहो, दाजी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं, तोच सुशीनं अख्खी शेंगापोळी माझ्या तोंडात कोंबली! सोलापूरची शेंगापोळी ती! पाण्याशिवाय गिळता येत नाही आणि लाजेकाजेस्तव थुंकता येत नाही. उठावं तर धोतर सुशीखाली. धोतर सोडून उठावं, तर सोयरीक कायमचीच मोडली!

"ऊं! ऊं!" मी पाण्याकडे हात केला.

त्याच क्षणी गरुड आला. भले थोरले पंख पसरून, पंजात तडफडता मासा धरून तो घरट्यावर उतरला. दाजीसाहेबांनी माझा हात घट्ट दाबला. "होय हो, होय. मलाही अस्संच भरून येतं."

माझ्या डोळ्यांतून खरंच धारा लागल्या होत्या. तिकडे चादर पसरून बुडाली, कोट गेले, फेटा उलगडत उलगडत गेला. पगडी मात्र डौलात तरंगत होती. गरुडानं पिल्लाला भरवून पुन्हा उड्डाण केलं, तेव्हा दाजीसाहेबांची नजर त्याच्यामागून समुद्रावर गेली.

"तो कुरव पक्षी कशावर बसलाय हो?"

मी घास गिळला. "पगडीवर."

"कुणाच्या?"

"आपल्या."

"तुम्ही ती जाताना पाहिलीत?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलला नाहीत?"

मी सुशीकडे पाहिलं. तिनं हात जोडले होते. मी म्हणालो, "गरुड उडाला असता."

दाजीसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "मी एवढे पाहुणे इथं आणले. कुणी खोकला, कुणी शिंकला, कुणी तपकीर ओढली. पण डोळ्यांदेखत घर वाहून चाललं असता पक्ष्यासाठी हूं की चूं न करणारा माणूस आज भेटला! पोर आमची झाली!"

आम्ही दोघं बोडक्या डोक्यानं आणि अनवाणी समुद्रावरून परतताना दिसलो, तशी वाडीतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "कोण गेलं रे?" मी म्हणालो, "पगडी." दाजीसाहेब इतके हसले की त्यांना कुंपणाला धरून उभं राहावं लागलं.

सुशीचा संसार दृष्ट लागावी असा झाला. त्या घरात माझा शब्द मानतात, भांडण झालं की निवाड्याला मला बोलावतात, कारण माझ्याएवढा शांत माणूस त्यांनी पाहिलेला नाही. मी गेलो की सुशी आधी माझ्यापुढं शेंगापोळ्यांचं ताट ठेवते, आणि मग धाकट्याला सांगते, "जा रे, मामाच्या धोतरावर जाऊन बस."