इकबालभाईंबद्दल मी जे बोललो

चाच्यांच्या तावडीतून सुटून नागावला आलो त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती हकिकत किती वेळा सांगितली असेल — देवळात, शाळेत, लग्नाच्या मांडवात. पण आता लिहितोय ते कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी मालवाहू बोटीवर ऑइलर होतो, इंजिनाला तेलपाणी करणारा. इकबालभाई आमचे कुक. आगरदांड्याचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आफ्रिकेजवळ चाच्यांनी बोट धरली आणि अकरा महिने आम्हाला किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलं. माणशी दिवसाला एक बाटली पाणी, तेही मचूळ.

पाचव्या महिन्यात मला ताप भरला. हा जाणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं — मीही. गणपतीचं नाव घेत होतो, मग तेही सुटलं. पहाऱ्यावर एक म्हातारा असायचा. नमाज पढणाऱ्यांना तो आपल्या कॅनमधलं गोडं पाणी द्यायचा. इकबालभाईंनी त्याला सांगितलं, हा माझा धाकटा भाऊ. मग मला धरून बसवलं.

"मी करतो तसा कर. मनात तुझ्या देवाचा नाव घेतलास तरी चालंल. वरती कोण भांडत न्हाय."

सहा महिने मी त्यांच्या शेजारी वाकलो. त्या पाण्यावर जगलो. आणि — इथे हात अडतोय — ते नुसतं पाण्यासाठी नव्हतं. कपाळ जमिनीला टेकलं की भीती जरा हटायची. माझी प्रार्थना खरी होती. कुणाला केली, ते मला आजही सांगता येणार नाही.

गावी आल्यावर देवळात सत्कार झाला. शाल, नारळ, समोर आई. कुणीतरी विचारलं, "धर्म सोडायला लावला असेल ना रे?"

मी म्हणालो, "मी वाकलो नाही."

टाळ्या पडल्या. तिथेच थांबलो असतो तर? पण टाळ्या गोड लागल्या, आणि मी पुढे बोललो — "इकबाल मात्र त्यांच्यातलाच झाला होता. त्याला पाणीसुद्धा वेगळं मिळायचं."

एवढंच. हे बोलणं आगरदांड्याला पोचायला किती दिवस लागणार? इकबालभाईंनी जेट्टीवर ऑम्लेट-पावची गाडी लावली होती. लोक पुढच्या गाडीवर जायला लागले. बोटीवर घेणारा एजंट फोन उचलेना. चाच्यांना बोटीची खबर ह्यानेच दिली, इथपर्यंत बोलणं गेलं. ते मी म्हटलं नव्हतं. पण खोडलं तरी कुठे?

एकदा ते घरी आले. ओटीवर बसले. बायकोने चहा दिला.

"तू असा बोललास?" एवढंच विचारलं.

"लोक काहीही बोलतात, इकबालभाई."

त्यांना कळलं, हे मला तेव्हाच कळलं. चहा पूर्ण प्यायले. उठताना म्हणाले, "तब्येत बरी हाय ना तुझी?"

त्यानंतर गाडी बंद झाली. गेल्या वर्षी ते वारले. मातीला मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

यंदा माघी गणपतीला मला परत बोलायला उभं केलं. सभामंडप भरला होता. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या बायको-मुलांच्या कानावर तरी गेलं असतं. मी माइक हातात घेतला आणि मी कसा वाकलो नाही, ते पहिल्यापासून सांगितलं.