दगड शिल्लक असताना

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज भर दुपारीच इथल्या जबल अली बंदरातल्या ऑफिसातून घरी आले. लेक टीव्हीवर कर्लिंग बघत होती. बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं, असा तो खेळ. जपानी बायकांची टीम हरत होती. त्यांची कॅप्टन शाळेपासून खेळतेय आणि हा तिचा शेवटचा सामना, असं कॉमेंटेटर सांगत होता.

दगड अजून शिल्लक होते. तरी तिने हातमोजा काढला आणि समोरच्या कॅप्टनपुढे हात केला.

"एवढ्यात सोडलं?" मी विचारलं.

"आई, दे कान्ट विन नाऊ, सो शी शेक्स हँड्स. बट व्हाय आर यू होम सो अर्ली?"

"डोकं दुखतंय," म्हटलं.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. ब्रँच बंद, व्हिसा कॅन्सल, खलास. मग त्यांनी हात पुढे केला. इतक्या वर्षांची नोकरी, आणि मी तो हात हातात घेऊन चक्क "थँक यू सर" म्हणाले. रडू तेव्हाही आलं नाही, आत्ताही येत नाहीये.

त्या कॅप्टनने हात स्वतःहून पुढे केला होता. माझ्या जागी तुम्ही असता, तर साहेबांचा हात हातात घेतला असता?