ओले साचे

दिग्रसमध्ये कुणालाही विचारा, चॉकलेटवाल्याचं घर दाखवतील. सुरुवातीला गावानं माझी भरपूर चेष्टा केली. उन्हाळ्यात जिथे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे हा चॉकलेट विकणार! आता लग्नाच्या पत्रिकेसोबत माझे डबे जातात. पुसदहून, यवतमाळहून माणसं येतात आणि विचारतात, हे शिकलात कुठे? मी सांगायचो, नागपूरला. सात दिवसांचा वर्ग केला होता, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

आच ओळखायला मला चाचांनी शिकवलं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, ते गाठ्या करतात. होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात त्या साखरेच्या माळा. बी.कॉम. होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा ओळीनं सहा वर्षं होळीआधीचे दोन महिने त्यांच्या भट्टीवर काम केलं. सागवानाचे साचे आदल्या दिवशी पाण्यात भिजत टाकायचे, त्यात दोरा बसवायचा, दोन्ही फळ्या आवळून बांधायच्या आणि वरून पाक ओतायचा. चाचा काहीही शिकवताना त्याचं कारण सांगत. साचा कोरडा राहिला तर साखर लाकूड सोडत नाही, हे त्यांनी मला मोडलेली गाठी हातात देऊन सांगितलं होतं. "माह्या हाताकडे नोको पाहू," म्हणायचे, "पाकाकडे पाह्य. तो बोलते."

चॉकलेटही बोलतं. वितळवून थोडं निववायचं, परत जरासं गरम करायचं, आणि नेमक्या क्षणी साच्यात ओतायचं. तो क्षण मला नागपूरच्या वर्गात सगळ्यांच्या आधी दिसला होता. तिथल्या बाईंनी विचारलं, आधी कुठे काम केलंय का? मी नाही म्हणालो. साखरेच्या गाठ्या हे काही सांगण्यासारखं काम वाटलं नाही.

पुढे चाचांचे गुडघे धरले. गाठ्यांचा हंगाम संपला की ते दुपारी माझ्याकडे येऊन बसू लागले. माझी कामाची खोली एसीची. "तुह्या कमऱ्यात कश्मीर हाये बाबू," म्हणायचे. नुसतं बसणं त्यांना जमायचं नाही, म्हणून चॉकलेटला चांदीचा कागद गुंडाळत. काळं चॉकलेट मी एकदा त्यांना चाखायला दिलं, तेव्हा बराच वेळ तोंडात घोळवून म्हणाले, "अबे, एवढं कडू विकतं अन् लोक तुले मारत नाही?" कामाला असलेल्या दोघी बाया हसून हसून बेजार.

यंदा जानेवारीत, चाचांची भट्टी पेटायच्या आधी, कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेटजींच्या घरच्या लग्नाचं काम आलं. गावातलं माझं सर्वात मोठं काम. डबे आणायला मी सकाळच्या बसने यवतमाळला गेलो आणि परतायला उशीर झाला. आलो तर साचे टेबलावर रांगेत मांडलेले. मी घाईत होतो. पातेल्यातलं चॉकलेट साच्यांत भरलं, आणि आत सारण भरायला पोकळ कवच हवं म्हणून साचे उलटे करून जास्तीचं परत पातेल्यात सोडलं. बघता बघता अख्खं पातेलं घट्ट झालं. खडबडीत, चिखलासारखं. चॉकलेटला पाण्याचे चार थेंब लागले की ते असं होतं. मग ते कशाच्याच कामाचं राहत नाही.

"साचे कोणी ओले केले?"

चाचा कौतुकानं म्हणाले, "म्या. तुले उशीर झालता, म्हटलं भिजवून ठेवतो. सुटतीन बराबर."

मी ओरडलो. "तुम्हाले काही समजत नाही तं हात कायले लावता? कागद गुंडाळा ना गुपचूप!" त्या दोघी बायांनी मान खाली घातली. हातातला अर्धा गुंडाळलेला तुकडा चाचांनी नीट पुरा गुंडाळला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. तेवढ्यात शेटजी डबे बघायला आले. पातेलं बघून म्हणाले, "हे काय झालं?" मी म्हणालो, "एक म्हातारा कामगार आहे, त्यानं घोळ केला. उद्यापर्यंत सगळं देतो." चाचा दारात चप्पल घालत होते. त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

काम वेळेवर गेलं. चाचा मात्र दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आठवडा गेला, तीन आठवडे गेले. त्यांची खुर्ची कुणी हलवली नाही. त्यांच्या गल्लीतून जायचं मी टाळू लागलो. बायको एकदा जेवताना म्हणाली, "तुमच्या पहिल्या दिवसाचं सांगितलं का त्यांना कधी?" दहा वर्षांपूर्वी याच घराच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा चॉकलेट केलं, तेव्हा ओतण्याआधी साचे बादलीत बुडवले होते. सहा वर्षांची सवय. सगळं फेकावं लागलं होतं. म्हणजे ती चूक मला आधीपासून माहीत होती आणि चाचा ती करणारच हेही मला कळायला हवं होतं. कित्येक दुपारी ते शेजारी बसले, पण इथे पाणी का चालत नाही, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

होळीला महिना उरला तेव्हा गेलो. भट्टी पेटली होती. चाचा पाटावर, त्यांची सून दोरे कापत होती.

"या शेट. काय पायजे?"

"काम पायजे, चाचा."

"एक म्हातारा कामगार हाये इथं. त्याले इचारा." सून हसू दाबत आत वळली.

मी खाली बसलो आणि पहिल्या दिवसाचं सगळं सांगितलं. बादली, सवय, फेकलेलं चॉकलेट. नागपूरच्या बाईंना नाही म्हणालो होतो, तेही. चाचा पाक ढवळत राहिले.

"मंग हे त्याच दिवशी काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली," म्हणालो.

"साचे काढ त्या टाक्यातले."

मी बाह्या सरसावल्या, एक साचा काढला, झटकला आणि खांद्यावरच्या फडक्यानं आतून बाहेरून खसाखसा पुसून त्यांच्यापुढे ठेवला. दुसरा घेतला, तोही पुसला. चाचांचा हात थांबला. सून आतून बघत होती. मला काही कळेना.

मग कळलं. दहा वर्षांच्या चॉकलेटनं माझे हात असे करून ठेवले होते. मी मान खाली घातली आणि ओरड्याची वाट पाहिली.

चाचांनी कोरडा साचा उचलला, अंगठ्यानं त्यातल्या खळग्या चाचपल्या आणि हळूच म्हणाले, "कोरडा राह्यला तं साखर लाकूड सोडत नाही, बाबू. म्हणून ओला." जणू मी पहिल्याच दिवशी कामावर आलो होतो. दोन्ही साचे त्यांनी परत पाण्यात टाकले.

संध्याकाळपर्यंत मी दोरे बसवले. निघताना ते म्हणाले, "होळी होऊ दे, येतो तुह्या कश्मीरात. पण या बारीले पयले सांगजो, काय ओलं अन् काय कोरडं. अन् काहून, तेबी."